टिटवीचे दिवे का भडकले?

"मास्क नाकावर घे, ऋतुराज! हनुवटीने श्वास घेतोस का तू?"

मनस्विनी ओरडली तसा ऋतुराजने ओल्या हातानेच मास्क वर सरकवला. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं घमेलं होतं आणि त्यात बुडवून बुडवून तो अंतराळयानाचा एक पंख पॉलिश पेपरने घासत होता. पाण्यातच घासायचं, कोरडं अजिबात नाही, अशी शंतनूदादाची सक्त ताकीद होती. रेझिनच्या प्लास्टिकची भुकटी छातीत जाणं चांगलं नाही.

"पण हा पंख वाकडाच हाय," ऋतुराज मास्कमधून बोलला. "घासून काय सरळ व्हतोय?"

"तो गरम पाण्यात टाकायचा. मऊ झाला की फळीवर दाबून धरायचा. दादाने सांगितलंय."

तनुजाने किटलीतलं पाणी ओतलं. मिनिटभरात तो राखाडी पंख चामड्यासारखा लवचिक झाला, आणि फळीवर दाबून गार केला तर काय, पट्टीसारखा सरळ!

"आयला!" ऋतुराज खूश झाला. "आमच्या शाळेतली वाकडी पोरं पण अशीच सरळ करायला पाहिजेत!"

शंतनूदादा म्हणजे मनस्विनीचा मोठा भाऊ. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता. मनस्विनी सातवी पास झाली म्हणून त्याने हा खोका पाठवला होता. आत अंतराळयानाचे त्र्याहत्तर सुटे भाग, सव्वीस मोहरीएवढे दिवे आणि केसासारख्या बारीक वायरी! तनुजा समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायची, आणि ऋतुराज हा तिचा मावसभाऊ, सुटीत लासूर स्टेशनहून आलेला. त्याच्या वडिलांचं तिथे शेतातल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं.

आईबाबा कामावर गेले की गारखेड्यातल्या निशिगंध अपार्टमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर कूलरसमोर या तिघांचा कारखाना सुरू व्हायचा. यानाला तीन लांबलचक पाय होते. ते पाहून ऋतुराज म्हणाला होता, "आमच्या वावरात टिटवी अशीच उभी ऱ्हाती!" झालं, यानाचं नाव पडलं टिटवी.

मेच्या पहिल्या मंगळवारी टिटवीच्या पोटात शेवटची वायर बसली. बाबांच्या जुन्या रेडिओचा, सेलऐवजी प्लगमधली वीज देणारा वजनदार एलिमिनेटर मनस्विनीने टिटवीला जोडला. तनुजाने पडदे ओढले.

"तीन... दोन... एक!"

खिडक्यांत पिवळा उजेड उमलला. इंजिनं निळी झाली. पंखांच्या टोकांना लाल ठिपके चमकले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकदम आरडाओरडा!

तेवढ्यात ते झालं. निळी इंजिनं पांढरीफटक पडली. खिडक्या डोळ्यांत खुपायला लागल्या. डोक्यावरचा पंखासुद्धा भरभर फिरू लागला.

"मने, तू काय केलंस?" तनुजाने विचारलं.

"मी काहीच नाही केलं!"

मनस्विनीने घाईघाईने बटण बंद केलं. तिचा चेहरा पडला. आपलंच कुठेतरी चुकलं असणार! तिने टिटवीचं पोट पुन्हा उघडलं, एकेक जोड तपासला, सोल्डरिंगचे काही डाखही पुन्हा दिले. पुढचे सहा दिवस दिवे अगदी शहाण्यासारखे वागले. आणि सातव्या दिवशी सकाळी दहा वाजता पुन्हा भडकले!

मनस्विनीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मला नाही जमत हे. दादाने उगाच पाठवलं."

"गप जरा," ऋतुराज म्हणाला. तो कान टवकारून ऐकत होता. खालून घर्रर्र असा आवाज येत होता. "मोटर चालूये. आज पाण्याचा दिवस ना?"

होता तर! शहरात नळाला पाणी आठवड्याने एकदा. त्या दिवशी नळाचं पाणी हौदात पडायचं आणि हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर दोन-अडीच तास चालायची. हौदात थोडं पाणी उरलंच, तर दुसऱ्या दिवशी पहाटे ती पंधरा मिनिटं लागे. तेव्हा ही मंडळी घोरत पडलेली असत.

"मागच्या वेळी पण पाण्याचाच दिवस होता!" तनुजा उडालीच. "पण मोटर लागली की दिवे मंद होतात ना? आमच्याकडे होतात."

"तेच तर म्हणतोय मी," ऋतुराज म्हणाला. "मंद व्हायला पाहिजेत. वाढले कसे?"

मनस्विनीने नाक पुसलं. तिला काहीतरी सुचलं होतं. तिने एलिमिनेटर काढून टिटवीला बॅटरीचे सेल जोडले. दिवे शांत! हूं नाही की चूं नाही. पुन्हा एलिमिनेटर लावला. भडकले!

"म्हणजे टिटवी बरोबर आहे," ती सावकाश म्हणाली. "घरातली वीजच चुकतेय."

मग टिटवीची वरात निघाली. बुटांच्या खोक्यावर यान ठेवून ते तिघं दारोदार फिरले. "काकू, एक मिनिट प्लग वापरू?" आठ घरं होती. तनुजाच्या आणि आणखी दोन घरांत दिवे मरगळले. बाकी पाच घरांत भडकले. सगळ्यांत जास्त तळमजल्यावर, भानुमतीआजींकडे.

भानुमतीआजी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वर्षभरापासून त्यांची फुप्फुसं दमली होती. पलंगाशेजारचं यंत्र दिवसरात्र गुरगुरत त्यांना नळीने प्राणवायू पुरवायचं. सांभाळायला सत्यभामाबाई असायच्या.

"तक्ता केलात का?" आजींनी थांबत थांबत विचारलं. "नुसतं बघून... काय उपयोग? लिहून ठेवा."

मनस्विनीने तक्ता केला. तो पाहून ऋतुराजचा चेहरा गंभीर झाला.

"पप्पांनी सांगितलेलं मला. लाईट एका वायरनं येती अन् दुसरीनं माघारी जाती. ती माघारी जायची वायर म्हंजे न्यूट्रल. सगळ्या बिल्डिंगचा न्यूट्रल ढिला झाला, की लाईट वाट चुकती. एका घरात कमी, दुसऱ्यात जास्ती. आमच्याकडं एका वस्तीवर असंच झालं अन् सगळ्यांचे टीव्ही जळाले!"

"आणि हा न्यूट्रल असतो कुठे?"

"मीटरच्या खोलीत."

मीटरची खोली जिन्याखाली होती, भानुमतीआजींच्या भिंतीला लागून. तिला कायम कुलूप. किल्ली सोसायटीचे सचिव श्रीनिवासकाकांकडे.

श्रीनिवासकाकांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. "अगं, खेळण्यातले दिवे ते! चिनी माल. कधी वाढतात, कधी कमी होतात."

"पण काका, बॅटरीवर ते..."

"सुटी आहे ना? खेळा जा!"

मनस्विनीने रात्री जेवताना बाबांच्या मागे धोशा लावला. बाबांनी काकांना फोन केला, आणि दोन दिवसांनी वायरमन कडूबामामा वीज मोजायचं मीटर घेऊन आले खरे. त्यांनी प्रत्येक घरात दोन टोकं प्लगमध्ये घातली. "दोनशे तीस. दोनशे एकतीस. एकदम ओके!"

"मामा, मोटर चालू करून बघा ना," ऋतुराज म्हणाला.

"हौदात पाणी कुठंय?" श्रीनिवासकाका मध्येच म्हणाले. "कोरडी मोटर फिरवली तर जळेल ना ती!"

"मग मीटरची खोली तरी उघडा!"

"त्यात गणपतीचं मखर आहे, थर्मोकोलचे खांब आहेत. सगळं बाहेर काढावं लागेल. बघू नंतर." काका कडूबामामांकडे वळून हसले. "आजकालची मुलं! यूट्यूबवर बघतात आणि इंजिनिअर होतात."

कडूबामामाही हसले. मनस्विनीच्या कानशिलांना चटके बसले. बरोबर तपासणीच्या वेळी बिघाड दडी मारून बसला होता आणि पाणी येईपर्यंत तो कुणालाच दिसणार नव्हता. तिचं तिलाच वाटायला लागलं, आपण खरंच बावळट तर नाही?

तरी पाण्याच्या आदल्या दिवशी तिने तो तक्ता स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिला. खाली लिहिलं: 'उद्या मोटर चालू असताना कृपया तपासावे. आजींच्या यंत्राला धोका आहे.' तिघांनी सह्या केल्या आणि कागद काकांच्या हातात नेऊन दिला.

"वा! अक्षर छान आहे हं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ती जिन्यात बसून वाट पाहत होती. काका खाली उतरले. त्यांनी मोटर लावली, मोटरच्या पेटीची किल्ली पहिल्या मजल्यावरच्या केसरबाईंना दिली आणि खिशातून कागद काढून वाचत वाचत ते स्कूटरकडे निघाले. "साड्या चार, टॉवेल, टोप्या..." पुतणीच्या लग्नाची खरेदी होती, गुलमंडीत. कागद उन्हात आला आणि मनस्विनीला त्याची मागची बाजू दिसली. तिचा तक्ता! यादी तिच्याच कागदाच्या पाठीवर लिहिली होती.

ती उठेपर्यंत स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली.

ती वर गेली. तनुजा आणि ऋतुराज टिटवीपुढे बसले होते. निळी इंजिनं आजही पांढरी पडली होती. पण आज ती थांबेनात. वाढतच गेली, वाढतच गेली...

"काढ! प्लग काढ!" ऋतुराज ओरडला.

फट्! फट् फट् फट्! खिडक्या एकामागून एक विझल्या. एलिमिनेटरमधून जळका वास आला आणि टिटवीचं पोट तपकिरी होऊन फुगलं. सव्वीसच्या सव्वीस दिवे गेले. तीन आठवड्यांचं काम तीन सेकंदांत काळं पडलं.

मनस्विनीने प्लग उपटला. पण तिला रडायलाही वेळ मिळाला नाही. खालून सत्यभामाबाईंची किंकाळी आली.

तिघंही दोन-दोन पायऱ्या उतरत धावले. आजींच्या खोलीत तोच जळका वास होता. यंत्र बंद पडलं होतं. आजी पलंगावर उठून बसल्या होत्या, तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते. सत्यभामाबाई छोट्या राखीव सिलेंडरची चावी फिरवत होत्या. सूं आवाज झाला आणि नळी आजींच्या नाकाला लागली.

"हा तासभर पुरेल," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी अँब्युलन्स बोलावते. बाळा, तू त्यांचा हात धर."

मनस्विनीने हात धरला. गार होता. आणि तेव्हाच तिला भिंतीजवळ तो दुसरा वास आला. गोडसर, घशाला झोंबणारा. प्लास्टिक जळल्याचा.

"ऋतुराज, मीटरची खोली बघ!"

तो गेला तसा परत आला. "दाराखालून धूर येतोय! आत ठिणग्या वाजत्यात! मोटर बंद करायला पाहिजे, लगेच!"

तनुजा केसरबाईंकडे पळाली. ऋतुराजने बाहेर जाऊन श्रीनिवासकाकांना फोन लावला. मनस्विनी आजींचा हात धरून बसली. दुसरं काय करणार? ती फक्त त्यांचे श्वास मोजत होती. एकोणीस... वीस... दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ खोलीत शिरली. सत्यभामाबाईंनी तिथे ओला टॉवेल दाबला. आजींना उचलून बाहेर न्यायला हवं होतं, पण ते या दोघींच्याने होणारं नव्हतं.

तनुजा रडतच परत आली. "केसरबाई किल्ली देतच नाहीत! म्हणतात, आठ दिवसांनी पाणी आलंय अन् मोटर बंद? धूर म्हटलं तर म्हणतात कुणीतरी कचरा जाळत असेल. बाकीच्यांची दारं वाजवली, सगळे पाणी भरतायत, कुणी दार उघडत नाही!"

"काका फोन उचलत नायत," ऋतुराज म्हणाला.

मनस्विनीला वाटलं, आता ओरडून काय उपयोग? तीन वेळा नीट, शहाण्यासारखं, तक्ता करून सांगितलं होतं. खरं सांगितलं होतं. खऱ्याने कुणी हललं नाही.

मग तिने आजींचा हात हळूच सत्यभामाबाईंच्या हातात दिला, ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि सगळा जीव एकवटून ओरडली,

"गटाराचं पाणी आलं! टाकीत गटाराचं पाणी चढतंय!"

काय सांगावं! घराघरांची दारं धाडधाड उघडली! "काय? गटाराचं?" "अगं बाई, मी आत्ताच पिंप भरलं!" "बंद करा मोटर!" सगळ्यांत पुढे कोण, तर केसरबाई! साडीचा ओचा धरून, किल्ली परजत त्या पार्किंगमध्ये पोचल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मोटर बंद केली. घर्रर्र आवाज थांबला.

"कुठंय ते घाण पाणी?" त्या धापा टाकत म्हणाल्या.

"पाणी स्वच्छ आहे, केसरबाई," मनस्विनी म्हणाली. "पण ते बघा!"

आता सगळ्यांनाच दिसलं. मीटरच्या खोलीच्या दाराखालून काळा धूर बाहेर लोळत होता.

तनुजाचे वडील सोमनाथकाका दुसऱ्या पाळीला जायचे, आणि ते नुकतेच दळण घेऊन बाहेरून परतले होते. त्यांनी दाराला लाथ मारायला पाय उचलला, तोच ऋतुराज त्यांच्या दंडाला लोंबकळला. "काका, नाय! आत लाईट चालू हाय! आधी खांबावरून लाईन पाडायला सांगा! अन् सगळ्यांनी आपापले मेन स्विच बंद करा!"

सोमनाथकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. "खरंय तुझं." त्यांनी लगेच लाइनमनला आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

मग सगळं भराभर झालं. दोघांनी आजींना खुर्चीत बसवून उचललं, तिसऱ्याने सिलेंडर धरला आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली मोकळ्या हवेत नेऊन बसवलं. अँब्युलन्स आली. आजींनी जाता जाता मनस्विनीकडे पाहून एक बोट हलवलं, पण त्यांना बोलता येत नव्हतं. अँब्युलन्स वळली तरी मनस्विनी तिथेच उभी राहिली. त्या परत येतील की नाही, हे तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

लाइनमनने खांबावरून वीज तोडली. सोमनाथकाकांनी पहारीने कुलूप फोडलं. थर्मोकोलचा एक खांब वितळून धुमसत होता आणि मखराच्या पडद्याला नुकतीच ज्योत लागली होती. समोरच्या बांधकामावरची वाळू घमेल्याघमेल्याने आत गेली. अग्निशमनची गाडी आली तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं. "अजून दहा मिनिटं," त्यांच्यातला एक जण जिन्याकडे बघत म्हणाला, "आणि वरून एकालाही खाली उतरता आलं नसतं."

दुपारी कडूबामामा आले. त्यांनी काळ्याठिक्कर पडलेल्या वायरीचं टोक हातात घेतलं आणि त्यावरची जळकी टेप नखाने खरवडली. "हा न्यूट्रलचा जोड," ते म्हणाले. "दिवाळीत मीच केला होता. घाईत नुसता पीळ मारून टेप गुंडाळली. ही पोरं सांगत होती, तेच."

त्याच वेळी गुलमंडीहून श्रीनिवासकाका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन फाटकातून आत आले. त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि ते पायरीवर मटकन बसले.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सोसायटीची सभा भरली. सुरुवातीलाच हॉस्पिटलमधून भानुमतीआजींचा फोन आला. सत्यभामाबाईंनी तो मोठ्या आवाजावर लावला होता.

"मी ठीक आहे," आजींचा आवाज आला. "मंगळवारी घरी सोडणार आहेत. त्या तिघांना सांगा, तक्त्याला शंभर पैकी शंभर. आणि मनस्विनीने त्या दिवशी जे खोटं सांगितलं ना, त्याचे... त्याचे मी गुण कापत नाही!"

सगळे हसले. मनस्विनीच्या छातीवरचा मोठा दगड उतरला.

"माझ्या मीटरनं दगा दिला अन् तुमच्या यानानं खरं सांगितलं," कडूबामामा म्हणाले. त्यांनी मोटर चालू ठेवून सगळी घरं पुन्हा तपासली होती, आणि या वेळी ऋतुराजला शेजारी उभं करून आकडे वाचायला लावले होते.

"पोरांनी बिल्डिंग वाचवली!" सोमनाथकाकांनी तिघांच्याही पाठीवर थाप मारली.

"आणि मला पळायला लावलं!" केसरबाई म्हणाल्या. "पण शहाणी पोरं गं बाई तुम्ही."

मग श्रीनिवासकाका उठले. "या मुलांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. शाबास! टाळ्या वाजवा सगळ्यांनी!"

लोकांनी हात उचलले. मनस्विनीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो यादीचा कागद आठवला.

"काका," ती म्हणाली, "आम्ही तीनदा सांगितलं होतं."

हात जागच्या जागी थांबले. "मनू..." बाबा म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. काकांना एकदा फोन केला की आपलं काम झालं, असं त्यांनाही वाटलं होतं.

श्रीनिवासकाकांनी उचललेले हात खाली घेतले. मग ते खाली बसले, सभेच्या वृत्तांताचं रजिस्टर उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांग, बाळ. काय लिहू?"

मनस्विनीने तनुजाकडे पाहिलं, ऋतुराजकडे पाहिलं. मग ती एकेक शब्द सांगू लागली. "मनस्विनी, तनुजा आणि ऋतुराज यांनी... विजेतला बिघाड... तीन वेळा कळवला होता. तिन्ही वेळा सचिवांनी... दुर्लक्ष केलं."

पेन थांबलं.

"दुर्लक्ष," काका स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द पूर्ण लिहिला. खाली सही केली. मग रजिस्टर फिरवून तिच्यापुढे धरलं. "बघ, बरोबर आहे का?"

मनस्विनीने सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि मान हलवली.

"आता वाजवा की टाळ्या!" ऋतुराज म्हणाला.